घरातून धंदा करताय? शॉप ॲक्ट काढला म्हणजे जागेची परवानगी मिळाली असं होत नाही

आपल्या खान्देशात घरातून चालणाऱ्या धंद्यांना तोटा नाही. उन्हं तापायला लागली की गच्च्यांवर बिबडे, कुरडया, उडदाचे पापड वाळत पडतात आणि त्यातला बराचसा माल घरासाठी नसतो, ऑर्डरचा असतो. कोणाकडे फॉल-पिको, कोणाकडे पार्लर, कोणी घरघंटी घेऊन गल्लीभरचं दळण दळून देतं, जळगावात कॉलेजच्या पोरांना डबे देणाऱ्या मावश्या आहेत, धुळ्यात जुन्या वस्तीत घरातच माग लावलेले आहेत, सावदा-रावेरकडे केळीचे वेफर्स तळले जातात. आणि परवानगीचा विषय काढला की एकच उत्तर ऐकू येतं, "घर मन्हं शे, मी काय बी करसू, नगरपालिकाले काय करनं शे?"

तर नगरपालिकेला करायचं असतं. घर तुमचं आहे हे खरंच, पण त्या घराचा वापर कशासाठी हे कागदावर ठरलेलं असतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६ चा, म्हणजे एमआरटीपी, त्यात 'विकास' या शब्दात नुसतं बांधकाम येत नाही, जागेच्या वापरात केलेला ठळक बदलसुद्धा येतो. म्हणजे तुम्ही एक वीट हलवली नाही, फक्त हॉलमधला सोफा काढून तिथे मशीन लावलं, तरी वापर बदलला असं म्हणता येतं आणि वापर बदलायला परवानगी लागते. हे घाबरवायला सांगत नाहीये, कारण त्याच नियमांत घरगुती धंद्यासाठी जागा ठेवलेली आहे, ती किती आहे आणि कुठे संपते एवढंच नीट माहीत पाहिजे.

मी बचत गटांच्या बायकांसोबत कागदपत्रांचं काम करते आणि सगळ्यात जास्त गोंधळ कुठे होतो ते आधीच सांगते. लोक शॉप ॲक्ट, म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंद, काढतात, उद्यम, म्हणजे केंद्राची छोट्या उद्योगांची नोंदणी, काढतात, दोन्ही कागद लॅमिनेट करून भिंतीला लावतात आणि समजतात झालं, सरकारने परवानगी दिली. तसं नसतं. शॉप ॲक्टचा कागद म्हणजे धंद्याचा जन्मदाखला आहे, धंदा सुरू झाला एवढंच तो सांगतो, तो धंदा या जागेत चालू शकतो का हे तो बघतच नाही. २०१७ च्या नव्या दुकाने व आस्थापना कायद्यात तर कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील (ही मर्यादा सुरुवातीला १० होती) तर नोंदणीसुद्धा ठेवली नाही, धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. ती पावती म्हणजे तुम्ही कळवलं याचा पुरावा, बाकी काही नाही. उद्यमचंही तसंच, १ जुलै २०२० पासून आधारवर फुकटात निघतं, तुम्ही जे लिहाल ते स्वतःच्या सहीने लिहिता, तुमचं घर बघायला कोणी येत नाही. बँकेच्या कर्जाला, योजनेला हे कागद कामाचे आहेत, जरूर काढा. पण उद्या शेजाऱ्याने तक्रार केली आणि नगररचना विभागाचा माणूस दारात आला तर त्याला उद्यम दाखवून उपयोग नाही, त्याचा प्रश्नच वेगळा आहे.

त्याचा प्रश्न असा असतो की ही जागा कोणत्या झोनमध्ये आहे, मंजूर नकाशात इथे काय दाखवलंय आणि प्रत्यक्षात काय चाललंय.

झोन म्हणजे काय तर शहराच्या विकास आराखड्यात, ज्याला सगळे डीपी म्हणतात, प्रत्येक तुकड्याला रंग दिलेला असतो. राहायचा भाग, व्यापाराचा, उद्योगाचा, शेतीचा, सार्वजनिक कामाचा. पूर्वी वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या नियमावल्या असायच्या. २ डिसेंबर २०२० ला राज्याने मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडून सगळ्यांसाठी एकच नियमावली मंजूर केली, तिला सरकारी भाषेत एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली म्हणतात आणि ऑफिसात सगळे युडीसीपीआर म्हणतात. जळगाव, धुळे या महानगरपालिका, बाकीच्या नगरपालिका, नगरपंचायती सगळीकडे आता तेच पुस्तक उघडतात. एमआयडीसीच्या हद्दीत मात्र एमआयडीसीचे स्वतःचे नियम.

या पुस्तकात राहायच्या भागाचेही दोन प्रकार केलेत, आर-वन आणि आर-टू. फरक बराचसा रस्त्याच्या रुंदीवर आहे. अरुंद रस्त्यावरचं घर असेल तर परवानगी असलेल्या वापरांची यादी छोटी, रुंद रस्त्यावर असेल तर यादी मोठी, तिथे दुकानं, ऑफिसं, छोटे सेवा उद्योग असं बरंच काही येतं. म्हणून 'समोरच्या मेन रोडवरच्या घरात तर मोठं दुकान आहे, मग मला का नाही' या भांडणाला अर्थ नाही, तुमच्या आणि त्याच्या घरात पन्नास पावलांचं अंतर असलं तरी नियमाच्या हिशोबात दोन्ही वेगळ्या ठिकाणी असू शकतात. रस्ता किती मीटरचा हे डोळ्याने बघून ठरवू नका, मंजूर लेआउटवर लिहिलेलं असतं. जागेवर अतिक्रमणाने रस्ता अरुंद झालेला असतो किंवा कागदावर रुंदीकरण धरलेलं असतं, दोन्ही होतं.

आता घरगुती धंदा. अगदी आतल्या गल्लीतल्या आर-वन घरातसुद्धा काही गोष्टी चालतात आणि त्यातली आपल्या कामाची म्हणजे घरात पूर्वापार चालत आलेले व्यवसाय. नियमाचा आशय असा की घरातली माणसं, पगारी मजूर न लावता, शिवणकाम, भरतकाम, बटणं करणं वगैरे कामं करत असतील तर चालेल, मोटर असो वा नसो, पण मोटर असेल तर विजेचा एकूण भार ०.७५ किलोवॉटच्या, म्हणजे साधारण १ एचपीच्या वर जाता कामा नये.

हे वाक्य छोटं आहे पण सगळं त्यातच आहे, त्यामुळे सावकाश बघू.

'घरातली माणसं' म्हणजे त्या घरात राहणारी. सासू, सून, नवरा, पोरगी सगळे मिळून पापड लाटा, काही अडचण नाही. पण ऑर्डर वाढली म्हणून गल्लीतल्या दोघी रोजाने लावल्या की तुम्ही या ओळीच्या बाहेर गेलात. बायकांना हे पटत नाही, त्या म्हणतात आम्ही मजूर कुठे लावला, शेजारच्या काकू हात लावायला येतात. हात लावायला येतात आणि किलोमागे पैसे घेतात, तर नियमाच्या नजरेत तो मजूरच. बचत गटाचंही असंच आहे आणि याचा विचार फार कमी गट करतात. गटातल्या दहाजणी एकीच्या घरी जमून रोज मसाला करतात, त्या मजूर नाहीत, भागीदार आहेत, पण त्या त्या घरच्याही नाहीत. शब्दशः धरलं तर हे बसत नाही. माझं मत विचाराल तर लाटणं आपापल्या घरी करावं आणि एकीकडे फक्त माल गोळा करून पॅकिंग करावं, हे जास्त सुरक्षित पडतं, आणि पापडाच्या धंद्यात असं काम वाटून देणं आपल्याकडे नवीन पण नाही.

मग मोटर. शिलाई मशीनची मोटर अगदी लहान असते, तिचा प्रश्न नाही. घरघंटीला साधारण १ एचपीची मोटर येते, म्हणजे ती बरोबर काठावर बसते, एकटी असेल तर. पण मर्यादा एकूण भाराची आहे, एका मशीनची नाही. घरघंटी घेतली, धंदा चालला म्हणून शेजारी शेवयाचं मशीन ठेवलं आणि पॅकिंगचं सीलर लावलं की बेरीज काठाच्या पलीकडे गेली. आणि मिरची-मसाल्याचं कांडप, ज्याला आपण डंका म्हणतो, ते घरगुती व्यवसायात बसवायला जाऊच नका, त्याची मोटर कितीतरी मोठी असते. पण डंका, पिठाची गिरणी यांच्यासाठी राहायच्या भागात वेगळी तरतूद आहे. तळमजल्यावर पाहिजे, बांधकाम करताना मशीनच्या हादऱ्याचा विचार केलेला पाहिजे, शेजाऱ्यांना आणि वरच्या मजल्यावरच्यांना त्रास नको आणि वीज ७.५ किलोवॉटच्या आत. म्हणजे गिरणी सरळ बंदीत नाही, पण ती 'घरगुती' म्हणून चालत नाही, तिची परवानगी वेगळी मागावी लागते. नंदुरबारच्या मिरचीचा ठसका सगळ्यांना माहीत आहे, बंद गल्लीत कांडप सुरू झालं की चार घरं खोकतात, तेव्हा 'शेजाऱ्यांना त्रास नको' ही अट मला तरी सगळ्यात महत्त्वाची वाटते.

डॉक्टर, वकील, सीए, इंजिनियर यांच्यासाठी निराळी ओळ आहे. त्या घरात राहणाऱ्या व्यावसायिकाला तिथेच ऑफिस किंवा बाह्यरुग्णांपुरता दवाखाना ठेवता येतो, पण तो ५० चौरस मीटरच्या आत, म्हणजे साधारण ५४० चौरस फूट. 'राहणाऱ्या' हा शब्द विसरू नका. अपार्टमेंटमधला फ्लॅट घेऊन तिथे नुसतं ऑफिस टाकलं आणि राहायला स्वतः दुसरीकडे, तर ही सवलत लागू नाही. लॅपटॉपवर काम करणारे, घरून डिझाईन, अकाउंट, ऑनलाइन क्लास करणारे, यांना तर प्रत्यक्षात काही त्रास होत नाही कारण ना मशीन, ना गिऱ्हाईक दारात, ना पाटी.

पार्लर आणि घरगुती ट्युशन हे मधले प्रकार. खुर्ची एक, करणारी घरची, तर कोणी बोलत नाही. तीन खुर्च्या, दोन मुली कामाला, बाहेर लाइटचा बोर्ड, संध्याकाळी दहा गाड्या गेटसमोर, तर ते दुकान झालं आणि दुकानाला दुकानाचेच नियम लागतात, म्हणजे पुन्हा तुमचा रस्ता किती रुंद आणि झोन कोणता तिथेच गाडी येते. धुळ्यातल्या मागाचं पण हेच. राहायच्या भागात चालणाऱ्या सेवा उद्योगांचा एक तक्ताच नियमावलीत आहे, त्यात प्रत्येक उद्योगासमोर जास्तीत जास्त किती एचपी, किती माणसं, किती जागा असं लिहिलंय. ज्याला घरातून मशीनचा धंदा वाढवायचाय त्याने आधी तो तक्ता बघावा आणि मगच मशीनचं कोटेशन मागवावं.

एक गोष्ट सगळीकडे दिसते म्हणून मुद्दाम सांगते. धंदा घरात बसेनासा झाला की लोक पुढच्या अंगणात पत्र्याचं शेड टाकतात. प्लॉटच्या हद्दीपासून घरापर्यंत जी मोकळी जागा सोडलेली असते ना, सामासिक अंतर म्हणतात तिला, ती हवा, उजेड आणि आग लागली तर बंब आत यायला म्हणून सोडायला लावलेली असते. तिथे शेड टाकलं, भट्टी लावली, की आता नुसता वापर बदलला नाही तर अनधिकृत बांधकाम पण झालं, एकाचे दोन गुन्हे. पार्किंग बंद करून शटर लावणं पण त्यातच. घराच्या आत बसून पापड लाटणारीवर कारवाई झालेली मी बघितली नाही, पण शेडवर नोटीस आलेली बघितली आहे. वेफर्सवाल्यांनी तर हे फार मनावर घ्यावं, कारण उकळतं तेल, गॅस आणि वर पत्रा, आणि भुसावळ-जळगावचा मे महिना.

गॅसवरून आठवलं, डबे किंवा मेस चालवताना घरचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, धंद्याला १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. महाग पडतो, माहीत आहे, पण हा नियम केंद्राचा आहे आणि यात नगरपालिका काही करू शकत नाही.

आता वीज, ज्यात लोकांचे खरे पैसे जातात.

बऱ्याच जणांचा समज असा की घरात काहीही धंदा केला की कमर्शियल मीटर सक्तीचं. तसं नाही. महावितरणचे दर वीज नियामक आयोग ठरवतो आणि आयोगाच्या दर आदेशांत घरगुती वर्गवारीत अशी तरतूद आलेली आहे की राहत्या घराच्या काही भागात धंदा करणाऱ्याचा महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षाचा एकूण वापर ३,६०० युनिटपर्यंत असेल तर त्याला घरगुतीच दर लागतो. दरवर्षी आर्थिक वर्ष संपलं की ते तपासतात, ३,६०० च्या वर गेलं असेल तर आधी कळवून पुढे वेगळा दर लावतात. ही सवलत किती घरांना कामाची आहे आणि किती कमी लोकांना माहीत आहे! दर आदेश नवा आला की हे आकडे पुन्हा बघून घ्यायचे, तेवढं लक्षात ठेवा.

पण आपल्याकडे एक अडचण आहे. हे ३०० युनिट फक्त धंद्याचे नाहीत, अख्ख्या मीटरचे आहेत. हिशोब करा, घरघंटी रोज चार तास चालली तर साधारण ३ युनिट, महिन्याला ९०. फ्रीज, पंखे, टीव्ही, पाण्याची मोटर मिळून शंभरेक धरा. इथपर्यंत ठीक. पण एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ ला टेकतो, कूलर दिवसरात्र चालतो, कोणाकडे एसी, आणि नेमका तोच पापड-कुरडई-मसाल्याचा सीझन, म्हणजे दळण पण दुप्पट. मग उन्हाळ्यात ३०० ओलांडायला वेळ लागत नाही आणि वर्षाची बेरीज पण वर सरकते. म्हणून धंदा नियमित असेल तर मागच्या बारा महिन्यांची बिलं काढून युनिटची बेरीज करा, प्रत्येक बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. बेरीज ३,००० च्या पुढे जात असेल तर धंद्याचं मीटर वेगळं घेण्याचा विचार करा, मोटरवर चालणाऱ्या कामाला कोणता दर लागतो ते सेक्शन ऑफिसात लेखी विचारा, दुकानाचा दर आणि उद्योगाचा दर यात फरक असतो आणि दळण-कांडप सरसकट दुकानात ढकलू देऊ नका.

आणि मर्यादा ओलांडूनही तसंच चालू ठेवलं आणि तपासणी झाली तर विद्युत कायदा २००३ चं कलम १२६ लागू शकतं. ज्या कामासाठी वीज दिली त्यापेक्षा वेगळ्या कामाला वापरली म्हणून लागू दराच्या दुप्पट आकारणी करतात आणि कधीपासून चाललंय हे कळत नसेल तर १२ महिन्यांपर्यंत मागे जातात. आधी तात्पुरती आकारणी देतात, त्यावर तुम्हाला हरकत घेता येते, म्हणणं ऐकून ३० दिवसांत अंतिम आदेश काढायचा असतो आणि तोही पटला नाही तर पुढच्या ३० दिवसांत अपील, पण अपीलाला निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून जे काय भांडायचं ते पहिल्या टप्प्यावर, लेखी, बिलांच्या झेरॉक्स जोडून. ३०० युनिटच्या आत असताना कोणी कमर्शियल लावलं तर दर आदेशातली ती ओळ छापून अर्जाला जोडा, तोंडी वाद घालत बसू नका.

घरपट्टीचं थोडक्यात. धंदा चाललेल्या भागाला बिगरनिवासी दराने घरपट्टी लागू शकते. लागली तर दोन गोष्टी बघा, अख्ख्या घराला लावली की फक्त त्या खोलीला, आणि मोजमाप बरोबर आहे का. अख्ख्या घराला लावली असेल तर हरकत घ्या. पण एक गैरसमज काढून टाका, बिगरनिवासी घरपट्टी भरली म्हणजे वापराला मंजुरी मिळाली असं होत नाही. 'माझ्याकडून टॅक्स घेता ना, मग बेकायदा कसं' हे वाक्य सगळेच म्हणतात, ते ऐकायला बरोबर वाटतं, पण कर घेणारा विभाग प्रत्यक्ष वापर बघून कर लावतो आणि नगररचना विभाग परवानगी बघतो, एकाची पावती दुसऱ्याकडे चालत नाही.

गावात राहणाऱ्यांचं काय? गावठाणात घर असेल तर गोष्टी बऱ्याच सोप्या आहेत, तिथे शेतीचा बिनशेती करायचा प्रश्नच येत नाही, नमुना ८ ला घराची नोंद असते आणि ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला घेऊन बहुतेक छोटे धंदे सुरू होतात. खरी अडचण मळ्यातल्या घराची. शेतातल्या घरात चार जनावरं, शेतीमाल साठवणं हे सगळं ठीक, पण तिथे वेफर्सचा कारखाना टाकला की ती शेतजमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरली असं होतं आणि मग महसूलचा, म्हणजे तलाठी-तहसीलदारांचा विषय सुरू होतो. एनएची, म्हणजे बिनशेती परवानगीची, प्रक्रिया २०१४ पासून टप्प्याटप्प्याने सोपी होत आली आहे, तेव्हा कोणाच्या जुन्या अनुभवावर जाऊ नका, आजचा नियम तहसीलला विचारा. सरपंच ओळखीचा आहे, ग्रामपंचायतीने दाखला दिला, हे सगळं असलं तरी शेतजमिनीच्या वापराची परवानगी ग्रामपंचायत देत नाही.

भाड्याच्या घरात असाल तर करारनामा उघडून बघा, बहुतेक करारांत 'फक्त निवासी वापरासाठी' असं छापलेलंच असतं, मग मालकाची लेखी संमती घ्या, तोंडी 'करा हो ताई' नको, कारण मालक चांगला असतो पण उद्या त्याचा पोरगा व्यवहार बघायला लागतो. सोसायटी किंवा अपार्टमेंट असेल तर तिथेही लेखी. आणि खाण्याचा कोणताही माल विकत असाल, अगदी घरी तळलेली शेव का असेना, अन्न सुरक्षेची नोंदणी लागतेच, १४ अंकी नंबर पाकिटावर छापावा लागतो. तो पण जागेच्या पत्त्यावर निघतो पण जागेची परवानगी नसतो, पुन्हा तीच गोष्ट.

शेजारी हा माणूस या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचा. नगरपालिकेकडे घरोघर फिरून बघायला माणसं नाहीत, कारवाई होते ती जवळजवळ नेहमी तक्रारीवरून, आणि तक्रार झोनसाठी कोणी करत नाही, आवाज, धूर, वास, गाड्या, गटारात सोडलेलं तेल यासाठी करतं. आवाजाचे नियम २००० सालचे आहेत, राहायच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे दहा ते सहा. आता पहाटे चारला उठून डंका सुरू करणाऱ्याकडे कितीही कागद असले तरी तो इथे अडकतो. ज्यांचा धंदा वर्षानुवर्षं निवांत चाललाय ते बघा, मशीनखाली रबर टाकलेलं असतं, गिऱ्हाइकाच्या गाड्या स्वतःच्या दारात लावायला सांगतात, सीझनची पहिली कुरडई शेजारी जाते. हे कायद्यात कुठे लिहिलेलं नाही तरी मी कोणालाही आधी हेच सांगेन.

नोटीस आलीच तर ती फाडू नका आणि घ्यायला नकारही देऊ नका. एमआरटीपीच्या कलम ५३ खाली नोटीस असेल तर त्यात मुदत दिलेली असते आणि त्या मुदतीत तुम्ही तो वापर चालू ठेवायची परवानगी मागणारा अर्ज करू शकता. हा हक्क कायद्यानेच दिलाय आणि लोक तो वापरत नाहीत, नगरसेवकाकडे पळतात आणि मुदत निघून जाते. परवानगी नाकारली तर नकाराचा आदेश तुम्हाला कळवल्यापासून ४० दिवसांत सरकारकडे अपील करता येतं. अर्जात खरं लिहा, किती खोल्या, किती माणसं, कोण घरचं कोण बाहेरचं, मोटर किती एचपीची, वेळ काय. मोटर मोठी असेल तर लहान करतो, कामगार कमी करतो असं लिहून दिलं तरी बऱ्याचदा विषय तिथेच मिटतो, कारण तुम्ही पुन्हा घरगुती व्यवसायाच्या ओळीत येऊन बसता.

आणि नोटिशीची वाट न बघता आजच करण्यासारखं काम म्हणजे झोन दाखला आणि भाग नकाशा, म्हणजे डीपीतला आपल्या जागेपुरता तुकडा, काढणं. नगरपालिकेच्या नगररचना विभागात मिळतो, हद्दीबाहेर असाल तर जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात. सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा आणि मोजणी नकाशा जोडायचा, थोडी फी असते. या सेवा लोकसेवा हक्क कायद्यात, म्हणजे २०१५ च्या, अधिसूचित आहेत, तेव्हा 'पुढच्या आठवड्यात या' म्हणाले तर अर्जाची पोच मागा आणि मुदत विचारा. दाखला हातात आला की त्यावरचा झोन आणि रस्त्याची रुंदी बघा, सोबत घराचा मंजूर नकाशा ठेवा, आणि नियमावलीतल्या तुमच्या झोनच्या वापराच्या यादीत तुमचा धंदा शोधा. ती नियमावली शासनाच्या वेबसाइटवर फुकट आहे, इंग्रजीत जाड पुस्तक आहे पण तुम्हाला फक्त चौथं प्रकरण लागतं, घरात कॉलेजला जाणारं कोणी असेल तर एका संध्याकाळचं काम आहे.

ज्या गटांचं काम घरात मावेनासं झालंय त्यांना हे जास्त लागू. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत खर्चाच्या ३५ टक्के अनुदानाची सोय ठेवली म्हणून गट घाईने मशीन बुक करतात, गावाबाहेर कोणाच्या तरी प्लॉटवर शेडचा सौदा करतात आणि नंतर कळतं की प्लॉट शेतीच्या झोनमध्ये आहे किंवा राहायच्या झोनमध्ये पण रस्ता अरुंद आहे, मग वीज जोडणी अडते, बँक अडते आणि मशीन गोणपाट टाकून पडून राहतं. जागा बघायला जाल तेव्हा मालकाकडे उताऱ्याची झेरॉक्स मागा, त्यावरून झोन दाखला काढा, तो बँकेच्या आणि महावितरणच्या माणसाला दाखवा, आणि तोपर्यंत बयाणा देऊ नका.